बोलण्यात मीठ किती घालावं?

मैत्रिणींनो, आमटी खारट झाली तर काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सोललेला बटाटा टाकायचा, नाहीतर कणकेचा गोळा सोडायचा, नाहीच जमलं तर पाणी वाढवून वाटीभर डाळ आणखी घोटायची. पण तोंडातून खारट शब्द गेला तर? त्याच्यात कुठला बटाटा टाकायचा? त्याचा इलाज कुठल्या पाककृतीच्या पानावर मला अजून सापडलेला नाही. म्हणून माझीच एक फसलेली आमटी आज तुमच्यापुढे ठेवते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. घर सांभाळून अर्धा दिवस शाळेत शिकवते. आम्ही ख्रिस्ती. आमची मंडळी अगदी लहान, रविवारच्या उपासनेला सगळे मिळून पन्नास-साठ माणसं. आमचे आजे-पणजे नगरच्या बाजूनं इकडे आले. गावात आमचं कधी कुणाशी वाकडं नव्हतं. नाताळात आमच्या घरच्या करंज्या गल्लीभर जायच्या, आणि संक्रांतीला गल्लीचा तिळगूळ आमच्या घरी यायचा.

आणि मग आमच्या जिल्ह्याला दृष्ट लागल्यासारखं झालं.

तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंच असेल. आरक्षणाचा प्रश्न पेटला. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली, आमदारांची घरं पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. पुढे २०२४ ची लोकसभा निवडणूक आली. बीडचा निकाल साडेसहा हजार मतांच्या आसपास फिरला. निवडणूक संपली, पण माणसांच्या मनातली मतमोजणी काही थांबेना. दुकान कुणाचं, दवाखाना कुणाचा, क्लास कुणाचा, हे आडनावावरून बघायला लागले लोक. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली आणि उरलासुरला मोकळेपणाही गेला. भाजी घेतानासुद्धा माणूस आधी इकडेतिकडे बघून मग बोलायला लागला.

मला वाटायचं, यात आपण कुठेच नाही. आपण ना या बाजूचे, ना त्या बाजूचे. आपल्याला काय!

हा माझा पहिला गैरसमज.

त्या दिवशी भिशीत

जून २०२४ मधली गोष्ट. आमच्या भिशीच्या बारा बायका. चहा झाला, चिठ्ठी निघाली आणि बोलणं वळलं निकालाकडे. माझ्या शेजारच्या ताई एकदम म्हणाल्या, "माझं पोरगं शिकून दोन वर्षं घरी बसलंय. ह्यांच्यामुळंच व्हायलंय हे सगळं." आणि 'ह्यांच्यामुळं' म्हणताना त्यांची नजर समोर बसलेल्या एका मैत्रिणीकडे गेली. त्या बिचारीचा हातातला कप हातातच राहिला.

या ताई कोणत्या समाजाच्या आणि ती मैत्रीण कोणत्या, हे मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं, की तुमच्यातल्या निम्म्या इकडे होतील आणि निम्म्या तिकडे. आणि मग माझं पुढचं बोलणं कुणाला ऐकूच जाणार नाही.

मला राग आला. समोरचीचा अपमान बघवेना. मी फटकन म्हणाले, "तुम्हा लोकांना ना, दुसऱ्याचं भलं बघवतच नाही!"

सगळ्या गप्प. ताई उठल्या, पर्स घेतली आणि गेल्या. दारात चप्पल घालताना एवढंच म्हणाल्या, "बरं झालं मॅडम, कळलं."

बारा वर्षं त्या मला नावानं 'ताई' म्हणत होत्या. त्या दिवशी मी 'मॅडम' झाले.

घरी येऊन मी मोठ्या फुशारकीनं सासूबाईंना सांगितलं, मी कशी एकटीनं बाजू घेतली म्हणून. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बाजू बराबर घेतलीस गं. पर जीभ चुकीची घेतलीस."

'तुम्ही लोक'

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मी वापरलेला शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

'तुम्ही लोक.' हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. "तुम्ही लोक नारळ फोडत नाही का?" "तुम्ही लोक घरी इंग्रजीच बोलता का?" आमच्या घरी सात पिढ्यांत कुणी इंग्रजी बोललं नाही, आणि बोललं तर ते माझ्या बी. ए. च्या पेपरापुरतं! यातलं बरंचसं भोळेपणानं विचारलेलं असतं, त्याचं काही वाटत नाही. पण एकदा एका ओळखीच्या बाईंनी चारचौघांत विचारलं, "तुम्ही लोक पैसे घेऊन धर्म बदलता ना?" तेव्हा पोटात खड्डा पडला होता. मी माणूस उरलेच नव्हते, नुसते 'लोक' झाले होते.

आणि तोच शब्द मी उचलून ताईंच्या तोंडावर फेकला. त्यांच्या घरी बसलेल्या पोराचं दुःख मला दिसलंच नाही. मलाही त्यांच्या जागी 'लोक' दिसले.

पोलिसांनाही हेच कळलं असावं. २०२५ मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी, पोलिसांनी एकमेकांना आडनावानं नव्हे तर नावानं हाक मारावी, असं सांगितलं. नावाच्या पाट्यांवरूनही आडनावं गेली. कुणी हसले, कुणी म्हणाले पाटी बदलून काय होणार! पण मला ते वाचून पुनरुत्थानाच्या पहाटेची गोष्ट आठवली. कबरेपाशी रडणाऱ्या मग्दालीया मरीयेनं समोर उभ्या येशूला ओळखलं नव्हतं. तिला वाटलं, हा माळीच असावा. त्यानं तिला फक्त नावानं हाक मारली आणि तिला ओळख पटली. नावानं मारलेल्या हाकेत केवढी ताकद असते, हे आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको. सासरी आल्यावर आपली नावं कुणाची सून, कुणाची आई यांत हरवून जातात. मग माहेरी पाऊल टाकताच आईनं मारलेली हाक कशी वाटते, ते आठवून बघा.

मिठाची उपमा

आमच्या पवित्र शास्त्रात पौलाचं कलस्सैकरांना लिहिलेलं पत्र आहे. त्याच्या शेवटच्या अध्यायात तो सांगतो, की बोलणं नेहमी कृपेचं असावं आणि मिठानं रुचकर केल्यासारखं असावं. ही उपमा मी शेकडो वेळा ऐकली होती. पण स्वयंपाक करणारी असूनही तिचा विचार कधी केला नव्हता.

बघा हं, मीठ कधी दिसतं का? भाजीत बटाटा दिसतो, कोथिंबीर दिसते, मीठ दिसत नाही. पण नसलं की पहिल्या घासाला कळतं, आणि जास्त झालं की पान बाजूला सरकतं. सत्याचंही तसंच. अजिबात नसलं तर बोलणं नुसतं गुळमुळीत, खोटं होतं. मूठभर ओतलं तर समोरचा गिळूच शकत नाही. मी भिशीत मूठभर ओतलं होतं.

आणि हे काही फक्त आमच्याच धर्मात सांगितलंय असं नाही. ताईंच्या सासूबाई सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, खरं बोलावं, प्रिय आणि हिताचं बोलावं, आणि ज्यानं कुणाला उद्वेग होईल असं बोलू नये. नगर जिल्ह्यात नेवाशाला बसून ज्ञानेश्वरांनी ते मराठीत सोपं करून सांगितलं. आमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ग्रंथाचं नावच मुळी 'विवेकसिंधु'. मराठीचं एवढं मोठं माहेर आपलं, आणि तीच मराठी आपण एकमेकांना बोचकारायला वापरतो, याची लाज वाटते कधीकधी.

टिळकांच्या घरातलं पाणी

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. तुम्ही 'स्मृतिचित्रे' वाचलं असेलच, नसेल तर वाचनालयातून आजच आणा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई कर्मठ ब्राह्मण घरातल्या. त्यांच्यावर आकाशच कोसळलं. नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या, तरी त्यांनी आपलं सोवळं सोडलं नाही, आपलं पाणी वेगळं ठेवलं. विचार करा, एकाच संसारात दोन धर्म! आज आपण 'दुभंगलेला समाज' म्हणतो, तो त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता.

टिळक स्वभावानं तापट, लक्ष्मीबाईही काही मुक्या नव्हत्या. खटके उडतच होते. पण तोडून टाकणारा शब्द त्यांनी शेवटचा ठरू दिला नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंचं सोवळं आपलं आपण गळलं, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. पुढे हे सगळं त्यांनी लिहिलं, तेव्हा आधी स्वतःला हसून घेतलं. कडवटपणाचा थेंब नाही. आणि टिळकांनी तरी काय केलं? ख्रिस्ती झाले म्हणून तुकोबांना सोडलं नाही. अभंगात, कीर्तनात ख्रिस्ताचं नाव गायलं, आणि तुकोबांचं आपल्यावर ऋण आहे हे मोकळ्या मनानं कबूल केलं.

आम्हा ख्रिस्ती बायकांनी यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, हे मी आमच्या भगिनी मंडळातही बोलले. आपण प्रार्थनासभेत शेजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो ते ठीक. पण त्यांच्या सणांना, त्यांच्या देवांना नाकं मुरडून बोलतो ना कधीकधी? भिंतीपलीकडे ते ऐकू जातं. आणि आपल्यातच जुनी मंडळी आणि नवी मंडळी असे दोन तट पडलेत, ते एकमेकांविषयी काय बोलतात, ते तर विचारूच नका!

'पण' नावाचा खडा

असो. माझ्या आमटीकडे वळते.

आठवड्यानं मी ताईंकडे गेले. म्हटलं, "ताई, मी बोलले ते चुकलंच. पण तुम्हीसुद्धा तिला असं म्हणायला नको होतं." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं मॅडम." संपलं. मी परत आले ती आणखी फुगून. माफी मागूनही ह्यांचा ताठा जात नाही म्हणून!

पुढे कधीतरी तांदूळ निवडताना माझं मलाच कळलं. माझ्या माफीत तो 'पण' नावाचा खडा राहिला होता. सगळा भात शिजवला आणि घासागणिक खडाच दाताखाली येतोय, तर कोण खाणार?

आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. ताईंकडे बोअर आहे. दर उन्हाळ्यात त्यांच्याकडून पाइप आमच्या टाकीत यायचा, मागावंही लागायचं नाही. भांडणानंतर पाइप थांबला. मीही ताठ्यानं टँकर घेतला, जार आणले, पैसे मोजले. जानेवारी २०२५ ची संक्रांत आली. गल्लीतल्या सगळ्या घरांतून तिळगूळ आला, त्यांच्या घरून नाही आला. आमची मुलगी आणि त्यांची मुलगी एकाच वर्गात, पण एक या कडेनं जायची आणि दुसरी त्या कडेनं. ते बघून मात्र काळजात चर्र व्हायचं. भांडण आमचं, रस्ता पोरींचा वाटला गेला.

एप्रिल आला. टाकी कोरडी पडली. टँकरवाला आज-उद्या करत होता. रविवारी उपासनेत शमरोनी स्त्रीचा शास्त्रपाठ झाला. यहुदी आणि शमरोनी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नसत. भर दुपारी एक शमरोनी बाई एकटी विहिरीवर आली आणि येशूनं तिला काय म्हटलं? उपदेश नाही केला. आधी पाणी मागितलं. ज्याच्याजवळ द्यायला सगळं होतं, त्यानं आधी हात पुढे केला.

मी घरी आले, दोन घागरी उचलल्या आणि ताईंच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "ताई, दोन घागरी पाणी द्याल का? आणि त्या दिवशी मी तुम्हाला 'तुम्ही लोक' म्हणाले, ते मला बोलायला नको होतं."

त्यापुढे 'पण' जिभेवर आला होता. गिळला.

ताई काही बोलल्या नाहीत. घागरी भरून दिल्या. मी वळले तशा मागून म्हणाल्या, "दोन घागरीनं काय व्हायलंय तुमचं? पाइप लावते ना ताई."

मैत्रिणींनो, अगदी सगळं पूर्वीसारखं झालं, असं खोटं मी सांगणार नाही. त्यांची मतं त्यांच्याजवळ आहेत, माझी माझ्याजवळ. पण एका संध्याकाळी त्या मुलाविषयी बोलल्या. भरतीचे फॉर्म, क्लासची फी, रात्री गच्चीवर एकटाच बसलेला मुलगा. तासभर बोलल्या, मी नुसती ऐकत होते. निघताना त्याच म्हणाल्या, "तिला मी तसं बोलायला नको होतं." ज्या वाक्यासाठी मी भांडले होते, ते मी गप्प बसल्यावर आपोआप आलं.

मी पाळते ती पथ्यं

हे पथ्य रोज जमतं असं नाही. तरी सांगते, तुमच्या उपयोगी पडलं तर बघा.

एक, 'लोक' हा शब्द बोलण्यातून गाळायचा. जिच्याविषयी बोलायचं तिचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की वाईट बोलायला जीभ आपोआप अडखळते.

दोन, रात्री व्हॉट्सॲपवर आलेला भडक मजकूर सकाळची कणीक मळून होईपर्यंत पुढे पाठवायचा नाही. दहातले नऊ मजकूर तोवर शिळे झालेले असतात, आणि दहावा खोटा असल्याचं कळतं.

तीन, माफी मागताना 'पण' नको. समोरच्याची चूक त्याला त्याची दिसू द्यावी.

चार, पोरांसमोर जपून. पाचवीच्या वर्गातल्या एका पोरानं मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणत्या बाजूच्या?" दहा वर्षांच्या लेकराला बाजू कुठून कळली? घरीच ना?

पाच, आणि हे महत्त्वाचं, सौम्य बोलणं म्हणजे तोंड शिवून बसणं नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि स्त्री-डॉक्टरांच्या गरजेविषयी ठणकावून साक्ष दिली. आपल्यासमोर कुणाचा अपमान होत असेल, तर तेव्हा बोलायलाच हवं. पण "तुम्ही अशाच!" म्हणण्याऐवजी "ताई, हे मला ऐकवत नाही, तिला किती लागलं असेल," एवढं म्हटलं तरी पुरतं. भिशीत मला हेच म्हणता आलं असतं.

आणि कुणी आपल्यालाच टोचून विचारलं तर? त्या 'पैसे घेऊन' म्हणणाऱ्या बाई मला पुन्हा भेटल्या. या वेळी मी म्हटलं, "माझ्या पणजीची गोष्ट सांगू का? १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात तिला मिशनच्या माणसांनी भाकरी दिली, हे खरं आहे. आणि तिला अक्षर शिकवलं, हेही खरं आहे. भाकरी त्या दुष्काळात संपली. अक्षर माझ्यापर्यंत आलं, म्हणून मी आज तुमच्या नातवाला शिकवते." बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "होय का? मला माहीत नव्हतं." राग राग करून मी त्यांना हे कधीच सांगू शकले नसते.

यंदाच्या संक्रांतीला ताईंच्या घरून तिळगुळाची वाटी आली. वाटी रिकामी परत देऊ नये म्हणतात, म्हणून मी तिच्यात शेंगदाण्याची चटणी घालून पाठवली. मुलगी घेऊन गेली आणि दोघी पोरी हसत हसत परत आल्या. म्हणाल्या, "काकू म्हणायल्या, चटणी छान आहे, पण मीठ जरा कमी पडलंय."

सासूबाई म्हणाल्या, "पडू दे कमी. वरून घेता येतं."